अकरा वर्षांचा संघ : ब्लॅकबर्न ऑलिंपिकचा उदयास्त

खेळांचा इतिहास आमच्याकडे अद्याप इतिहासात जमा धरला जात नाही. लढाया, तह, कायदे, दुष्काळ यांच्या सनावळ्या आम्ही मुखोद्गत करतो. परंतु ज्या मैदानाभोवती एखाद्या गावातील सारी माणसे शनिवारी दुपारी गोळा होत, त्या मैदानावर काय घडले हे मात्र वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानासाठी सोडून देतो. वस्तुतः समाजात फुरसत कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न, राज्य कोणाच्या मालकीचे आहे या प्रश्नाहून फारसा दूरचा नाही. आणि फुरसतीचा हिशेब खेळाच्या दप्तरात जितका स्वच्छ लिहिलेला सापडतो तितका अन्यत्र क्वचितच सापडतो. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, ब्लॅकबर्न नावाच्या गिरण्यांच्या गावी, 'ऑलिंपिक' या नावाचा एक फुटबॉल संघ १८७८ साली जन्मास आला व १८८९ साली मरण पावला. अकरा वर्षांच्या या आयुष्यात त्याने मोठे असे कृत्य एकच केले. परंतु त्या एका कृत्याने इंग्लिश फुटबॉलाची मालकी एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जाण्यास प्रारंभ झाला. आणि चमत्कार असा की, ज्या बळावर ऑलिंपिकने ते कृत्य केले त्याच बळाने पुढे त्याचा गळा घोटला. ही हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

ब्लॅकबर्न हे नाव आमच्या पणजोबांस अगदीच परके नव्हते. पुष्कळांच्या तर ते अंगावरच होते. त्या गावचे माग मुख्यतः हिंदुस्थानच्या बाजारासाठी चालत. धोतरे, सदऱ्याचे साधे कापड, ठाशीव काठांचे पन्हे असा माल तेथे विणला जाई आणि लिव्हरपूल बंदरातून मुंबई-कलकत्त्यास येई. गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताची वस्त्रे नेसून गेले, तो निषेध ज्या कापडाविरुद्ध होता त्यातील किती तरी कापड ब्लॅकबर्नच्या मागांवरचे असणार. तेव्हा या गावचे बरेवाईट व आमचे बरेवाईट यांचा संबंध बहुधा व्यस्त प्रमाणाचा होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावरील आयात जकात उठवली. त्यामुळे मुंबईच्या गिरणीमालकांस जे दुःख झाले तेच लँकेशायरात आनंदाचे कारण झाले.

परंतु लँकेशायर म्हणजे एकजिनसी वस्तू नव्हे. ज्या वर्षी ऑलिंपिकचा जन्म झाला त्याच १८७८ च्या वसंतात मालकांनी मजुरीत शेकडा दहाची कपात जाहीर केली. हिंदुस्थानच्या बाजारात माल तुंबला आहे, हे त्यांचे कारण. माल तुंबला असेल तर गिरण्या कमी वेळ चालवा, मजुरी कापू नका, असे विणकरांचे म्हणणे. संप झाला, दंगे झाले, मे महिन्यात ब्लॅकबर्नजवळच मालक-संघाचे अध्यक्ष रेन्सफर्ड जॅक्सन यांचे राहते घर जमावाने जाळले. लष्कर आले, आणि जूनच्या सुमारास मजूर कमी मजुरीवर कामास परत गेले. दख्खनेत १८७६ ते १८७८ पर्यंत माणसे अन्नावाचून मरत होती आणि कापड घेण्यास कोणापाशी पैसा नव्हता. त्याच आपत्तीची एक लाट सात समुद्रांपलीकडे या गावाच्या चुलीपर्यंत पोचली होती. ऑलिंपिकचे खेळाडू या गावचे, याच चुलीभोवती वाढलेले.

आता विणकराला फुटबॉल खेळण्यास वेळ कोठून मिळाला? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. इंग्लंडातील १८५० च्या फॅक्टरी कायद्याने बायका व अल्पवयी कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले. १८७४ च्या कायद्याने ते आणखी अलीकडे, एकच्या सुमारास आले. बायका-पोरे घरी गेली की नुसत्या पुरुषांवर गिरणी चालवणे मालकास परवडत नसे. म्हणून सर्वांसच सुटी मिळे. शनिवारच्या दुपारचे हे चार-पाच तास हीच लँकेशायरच्या फुटबॉलाची खरी जन्मभूमी. मैदान, चेंडू, नियम, सर्व काही मागाहून आले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी आठवड्याची सुटी अशी वस्तूच नव्हती. १८८१ च्या हिंदी फॅक्टरी कायद्याने काय ती मुलांची थोडी सोय पाहिली. आणि तो कायदा व्हावा म्हणून लँकेशायरच्या मालकांनी जी कळकळ दाखवली तीत भूतदयेपेक्षा मुंबईच्या स्पर्धेची धास्ती अधिक होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांची सभा स्थापून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. ती मालकांनी मान्य केली १० जून १८९० रोजी. म्हणजे ब्लॅकबर्नच्या विणकरांचा संघ जन्मून, जिंकून, कर्जात बुडून नाहीसाही झाला, तेव्हा कोठे परळ-गिरगावच्या साचेवाल्याला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा म्हणता येऊ लागला.

फुटबॉलाचे लेखी नियम ज्यांनी केले ते या वर्गातले नव्हते. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि १८७१-७२ पासून तिच्या चषकाचे सामने सुरू झाले. प्रथमपासून १८८२ पर्यंत तो चषक वाँडरर्स, रॉयल एंजिनिअर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ, क्लॅपहॅम रोव्हर्स, ओल्ड कार्थूझियन्स आणि ओल्ड ईटोनियन्स यांच्यातच फिरत राहिला. सगळे दक्षिणेकडचे, बहुतेक सगळे मोठ्या शाळांतून निघालेले सद्गृहस्थ, अथवा लष्करी अधिकारी. त्यांतील ओल्ड ईटोनियन्स म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. ज्या शाळेने कॅनिंग, डफरिन, लॅन्सडौन, कर्झन असे एकामागून एक व्हाइसरॉय आमच्याकडे रवाना केले तिची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही.

या मंडळींशी उत्तरेकडील मजुरांची पहिली गाठ पडली ती ऑलिंपिकमुळे नव्हे, तर शेजारच्या डार्वेन गावामुळे. १८७९ साली डार्वेनचा संघ चषकाच्या सामन्यांत ईटनवाल्यांशी खेळण्यास लंडनला गेला. पाच विरुद्ध एक असा मागे पडूनही त्याने पाच-पाच अशी बरोबरी साधली. डार्वेनवाले म्हणाले, अधिक वेळ खेळून निकाल लावू. ईटनवाल्यांनी नकार दिला. नियमाप्रमाणे पुन्हा सामना, आणि तोही लंडनलाच. दुसरा सामना दोन-दोन. तिसऱ्यांदा लंडन. प्रत्येक खेपेस गावात वर्गणी फिरवून भाड्याचे पैसे उभे करायचे, प्रत्येक खेपेस गिरणीतला खाडा सोसायचा. तिसऱ्या सामन्यात थकलेला डार्वेन सहा विरुद्ध दोन असा हरला. यात ईटनवाल्यांनी एकही नियम मोडला नाही. आणि आमच्या मते सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. नियम सर्वांस सारखे होते. रेल्वेचे भाडे मात्र एकाच पक्षाला भरावे लागत होते.

ऑलिंपिकची स्थापना यापूर्वी वर्षभर, फेब्रुवारी १८७८ मध्ये झाली होती. ब्लॅकबर्नमधील 'ब्लॅक स्टार' व 'जेम्स स्ट्रीट' या दोन लहान संघांतील पोरांनी एकत्र येऊन नवा संघ काढला. नाव सुचवले जेम्स एडमंडसन या पहिल्या खजिनदाराने. ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथे जर्मन संशोधकांचे उत्खनन त्या सुमारास चालू होते व त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. त्यांवरून हे नाव सुचले असे मानतात. गिरणगावच्या पोरांनी आपल्या संघास प्राचीन ग्रीकांचे नाव द्यावे यात कोणास हसू येईल. आम्हांस येत नाही. स्थापनेनंतर दोनच महिन्यांनी त्यांनी 'लिव्ह्जी युनायटेड' नावाचा स्थानिक चषक जिंकला, पुढच्या वर्षीही जिंकला, आणि ती स्पर्धाच पुढे बंद पडल्यामुळे तो चषक कायमचा त्यांच्याकडे राहिला. १८७९ मध्ये शियर ब्राव नामक चढावर 'होल-इन-द-वॉल' या गुत्त्याशेजारचे मैदान त्यांना मिळाले. या नावाचा अर्थ 'भिंतीतले भगदाड'. मैदानालाही तेच नाव पडले.

गावात दुसरा संघ होता, ब्लॅकबर्न रोव्हर्स. तो १८७५ चा, म्हणजे तीन वर्षांनी वडील. त्याच्या संस्थापकांत बऱ्या घरची, चांगल्या शाळांतून शिकलेली मुले होती. गावातील प्रतिष्ठित मंडळींचा ओढा त्याच्याकडे. ऑलिंपिकला आधार मिळाला तो सिडनी येट्स या लोखंडाच्या ओतकारखान्याच्या मालकाचा. त्याने या संघात पैसा घातला, आणि संघ असेपर्यंत वेळोवेळी कर्जाऊ दिला. मजुरांच्या या संघामागे एक मालकच उभा होता, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. विणकरांच्या वर्गणीतून डार्वेनला तीनदा लंडनला जाता आले; परंतु जिंकून येण्यास केवळ वर्गणी पुरत नाही, हे तेथेच सिद्ध झाले होते.

चषकाच्या सामन्यांत पहिली दोन वर्षे ऑलिंपिकला पहिल्याच फेरीत परत यावे लागले. १८८२ साली मात्र एक माणूस शेफील्डहून आला आणि चित्र पालटले. त्याचे नाव जॅक हंटर. तो इंग्लंडच्या संघातून खेळलेला, अनुभवी. ब्लॅकबर्नमध्ये त्याने गुत्ता चालवण्यास घेतला आणि ऑलिंपिकमध्ये खेळाडू व शिक्षक अशी दोन्ही कामे पत्करली. खेळण्याबद्दल रोख पैसे देणे तेव्हा निषिद्ध होते. परंतु एखाद्याला गुत्ता मिळवून देणे, एखाद्याला कारखान्यात हलके काम देणे हे मार्ग सर्वांस ठाऊक होते. हंटरने काय केले हे आज वाचताना त्यात काही विशेष वाटणार नाही, इतके ते पुढे सर्वमान्य झाले आहे. त्याने अकरा जणांस एक म्हणून खेळावयास शिकवले.

ईटन वगैरे शाळांचा खेळ म्हणजे प्रत्येकाने चेंडू पायाशी घ्यावा आणि जमेल तितके अंतर एकट्याने कापावे. बाकीच्यांनी मागे धावावे व चेंडू निसटला तर तो उचलावा. वैयक्तिक पराक्रमाचा तो खेळ होता, एखाद्या सरदाराला शोभेलसा. स्कॉटलंडात व त्याच्या प्रभावाने उत्तर इंग्लंडात आखूड अंतरावर चेंडू एकमेकांस देण्याची रीत रुजत होती. ऑलिंपिकने तीत आपली भर घातली: मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब चेंडू टाकायचा, म्हणजे प्रतिपक्षाची फळी धावून धावून फुटते. ज्यांचे दिवसाचे काम शेजारच्या मागाशी जुळवून घेण्याचे, त्यांना हा खेळ अधिक मानवला असेल का? असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुराव्यापेक्षा उपमेवर अधिक विसंबणे बरे नव्हे.

१८८२-८३ च्या मोसमात ऑलिंपिकने अॅक्रिंग्टन, लोअर डार्वेन, डार्वेन रँबलर्स व चर्च या लँकेशायरच्याच चार संघांना हरवले. पाचव्या फेरीत वेल्समधील ड्रुइड्सना चार-एक असे नमवले. उपान्त्य सामना ओल्ड कार्थूझियन्सशी, मँचेस्टर येथे. हे कार्थूझियन दोनच वर्षांपूर्वीचे विजेते. ऑलिंपिकने चार गोल केले व एकही होऊ दिला नाही. मोठ्या सामन्यांपूर्वी हंटरने सगळ्यांना ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी नेऊन ठेवले होते. सामन्याआधी काही दिवस एकत्र राहावे, ठराविक वेळी उठावे, वाळूवरून चालावे, मोजके खावे असा हा क्रम. पहाटे कच्ची अंडी व पेलाभर पोर्ट मद्य, न्याहारीस जवाची पेज आणि मासळी, दुपारी मटण, रात्री कालवे असा आहार त्या वेळच्या वृत्तान्तांत दिलेला आहे. पैलवानकी जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. खुराक आणि मेहनत यांशिवाय कुस्ती होत नाही हे आमच्या तालमींत पोरसवदा मुलासही कळते. परंतु लंडनच्या सद्गृहस्थांस ही गोष्ट अखिलाडूपणाची वाटली. खेळासाठी तयारी करणे म्हणजे खेळाला काम समजणे, आणि काम करणे हे तर खालच्या वर्गाचे लक्षण!

शनिवार, ता. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनमध्ये केनिंग्टन ओव्हलवर अंतिम सामना झाला. प्रेक्षक सुमारे आठ हजार. एका बाजूस ओल्ड ईटोनियन्स, मागल्या वर्षीचे विजेते. कर्णधार आर्थर किनर्ड, तांबूस दाढीचा, सावकारी पेढीच्या घराण्यातला, नऊ अंतिम सामने खेळलेला, पुढे लॉर्ड झालेला. त्याच्या संघात हॅरी गुडहार्ट होता, जो नंतर एडिंबरो विद्यापीठात लॅटिनचा प्राध्यापक झाला. गोलरक्षक रॉलिन्सन पुढे पार्लमेंटात केंब्रिज विद्यापीठाचा प्रतिनिधी झाला. दुसऱ्या बाजूस विणकर होते, सूत काढणारा होता, ओतकारखान्यातला मजूर होता, नळकाम करणारा होता, तसबिरींच्या चौकटी करणारा, कारकून, गुत्तेवाला. आणि गोलरक्षक टॉमस हॅकिंग हा एका दंतवैद्याचा मदतनीस. कर्णधार आल्बर्ट वॉरबर्टन.

पूर्वार्धात गुडहार्टने गोल केला. ईटनवाले अंगाने धिप्पाड आणि खेळात आडदांड. मध्यांतरापर्यंत त्यांचीच सरशी राहिली. उत्तरार्धात त्यांचा आर्थर डन हा खेळाडू जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि उरलेल्या दहांना ऑलिंपिकच्या लांब फटक्यांमागे धावणे जड जाऊ लागले. आर्थर मॅथ्यूज याने बरोबरीचा गोल केला. वेळ संपली तेव्हा एक-एक. या खेपेस अर्धा तास अधिक खेळ झाला. चार वर्षांपूर्वी डार्वेनला जे नाकारले गेले ते ऑलिंपिकला मिळाले, आणि ब्लॅकपूलच्या वाळूवर केलेली चाल आता कामास आली. दमलेल्या ईटनवाल्यांना जॉन येट्स या विणकराने चुकवले, चेंडू दुसऱ्या कडेला जेम्स कॉस्टली याच्याकडे टाकला, आणि त्या सूत काढणाऱ्या पोराने गोल केला. असोसिएशनचे अध्यक्ष मेजर मॅरिंडिन यांच्या हस्ते चषक वॉरबर्टनला मिळाला. मॅरिंडिन स्वतः ईटनचेच विद्यार्थी.

गावी परतल्यावर वाद्यांच्या गजरात मिरवणूक निघाली. आता हा चषक लँकेशायरात सुखाने नांदेल व पुन्हा लंडनला जाणार नाही, अशा अर्थाचे उद्गार वॉरबर्टनने काढल्याचे सांगतात. भाकीत म्हणून ते अगदीच पोकळ ठरले नाही: पुढे १९०१ मध्ये टॉटनहॅम हॉट्स्परने जिंकेपर्यंत लंडनला तो चषक दिसला नाही. आणि सद्गृहस्थांच्या माजी विद्यार्थी संघांनी तर तो त्यानंतर कधीच जिंकला नाही.

दक्षिणेकडील पत्रांत लगेच कुजबूज सुरू झाली. गिरणीतले मजूर इतके दिवस काम सोडून ब्लॅकपूलला राहतात ते कोणाच्या पैशावर? प्रश्न रास्त होता. तथापि त्याच्या मुळाशी जो सिद्धान्त होता त्याचा विचार झाला पाहिजे. हौशी खेळाडू म्हणजे खेळापासून पैसा न मिळवणारा. उत्तम. परंतु ब्लॅकबर्नच्या विणकराची मजुरी कापडाच्या ताग्यावर ठरत असे. १८५३ साली मालक व मजूर यांनी मान्य केलेली दरांची यादी प्रसिद्धच आहे. ताग्यागणिक मिळकत असणारा मनुष्य शुक्रवारी लंडनची गाडी धरतो तेव्हा त्या दिवसाची भाकर मागावरच सोडून जातो. ती बुडालेली मजुरी कोणी भरून दिली तर तो धंदेवाईक ठरतो. न दिली तर तो खेळूच शकत नाही. ज्याचे उत्पन्न जमिनीच्या खंडातून अथवा पेढीच्या व्याजातून येते त्याला हा पेच पडत नाही. तो खेळत असतानाही दुसरे कोणी तरी त्याच्यासाठी काम करीतच असते. यास्तव हौशीपणाच्या नियमाला नीतीचा नियम म्हणण्यास आम्ही तयार नाही. तो दाराशी ठेवलेला पहारेकरी होता. किनर्डसारख्यांची खेळावरील प्रीती खरी होती, खेळाला त्यांनी पुष्कळ दिले, हे मान्य करूनही आमचे मत हेच आहे.

पुढल्याच वर्षी, १८८४ मध्ये, ब्लॅकबर्नचे दोन्ही संघ उपान्त्य फेरीत पोचले. ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने ऑलिंपिकला चार-शून्य असे हरवले. रोव्हर्सने अंतिम सामन्यात क्वीन्स पार्कला हरवून चषक गावातच ठेवला, आणि १८८५ व १८८६ मध्येही तोच जिंकला. सलग चार वर्षे चषक ब्लॅकबर्नला. पण त्यांतले पहिलेच काय ते ऑलिंपिकचे. रोव्हर्सच्या मागे लंडनला आलेल्या प्रेक्षकांना पाहून 'पॉल मॉल गॅझेट' या पत्राने उत्तरेचे रानटी आले असे म्हटले, आणि त्यांची तुलना सुदानातील अरबांच्या टोळीशी केली. साम्राज्याच्या सरहद्दीवर जी परिभाषा घडवली गेली ती घरच्या मजुरावरही किती सहज बसवता येते, याचा हा बरा मासला आहे.

इकडे पैशाचा प्रश्न चिघळत होता. अॅक्रिंग्टनला १८८३ मध्ये पैसे दिल्याबद्दल असोसिएशनमधून काढण्यात आले. १८८४ च्या आरंभी प्रेस्टनचा चालक विल्यम सडेल याने आम्ही पैसे देतो असे सरळ कबूल केले व त्याचा संघ स्पर्धेतून बाद झाला. त्याच वर्षी उत्तरेकडील संघांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली. अखेर २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनने धंदेवाईक खेळास परवानगी दिली; चषकाच्या सामन्यांपुरती मात्र जन्माची अथवा दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. ज्या संघाच्या विजयाने ही कोंडी फुटण्यास मोठा धक्का दिला त्याला या दिवशी उत्सव करण्यास हरकत नव्हती. प्रत्यक्षात त्याच्या मरणाची तिथी त्या दिवशी ठरली.

कारण उघड आहे. चोरून पैसे दिले जात होते तोवर थोड्या पैशात काम भागे. गावचा अभिमान, ओळखीपाळखी, गुत्ता, कारखान्यातली जागा यांनी उरलेली भर पडे. उघड बाजार भरला तसा खेळाडूचा दर बाजाराने ठरू लागला, आणि बाजारात रोव्हर्स, प्रेस्टन, बोल्टन, बर्नली असे मोठ्या थैलीचे गिऱ्हाईक बसले होते. ऑलिंपिकच्या मैदानावर येणारा प्रेक्षक मुख्यतः मजूर. त्याच्याकडून प्रवेशाचे किती मिळणार? त्यातही गावाचा अर्धा ओघ रोव्हर्सकडे. १८८६ च्या सुमारास संघाच्या समितीस खेळाडूंचे पगार कमी करावे लागले आणि चांगले खेळाडू शेजारी निघून गेले. आठ वर्षांपूर्वी मालकांनी कपात केली तेव्हा ब्लॅकबर्नच्या विणकरास जाण्यास दुसरी गिरणी नव्हती. आता कपात झाली तेव्हा जाण्यास दुसरा संघ होता. मजुराच्या दृष्टीने ही प्रगतीच. संघाच्या दृष्टीने मृत्यू. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि कोणा एकास दोषी ठरवून ही गोष्ट सोपी करता येत नाही, म्हणूनच ती आम्हांस लिहावीशी वाटली.

१८८८ मध्ये अॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅक्ग्रेगर याच्या पुढाकाराने फुटबॉल लीग स्थापन झाली. बारा संघ; सहा लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे; लंडनचा एकही नाही. पाच वर्षांत सत्तांतर पुरे झाले होते. परंतु एका गावातून एकच संघ घ्यावा असा संकेत ठरला, आणि ब्लॅकबर्नची जागा रोव्हर्सला मिळाली. बाहेर राहिलेल्या संघांनी 'काँबिनेशन' नावाची दुसरी मांडणी करून पाहिली. तीत ऑलिंपिक होता. ती धड एक मोसमही पुरी करू शकली नाही. १८८९ च्या आरंभी ऑलिंपिकने सर्व पगारी खेळाडूंस रजा दिली आणि आपण यापुढे हौशी खेळाडूंवरच चालू असे जाहीर केले. ईटनवाल्यांचे बिरूद अखेर विणकरांनी धारण केले. पण ते धारण करण्यास लागणारी जमीनजुमल्याची मिळकत त्यांच्यापाशी नव्हती. सप्टेंबर १८८९ मध्ये संघ मोडण्यात आला.

लीगमध्ये शिरल्याने सर्वच तरले असेही नव्हे. शेजारचा अॅक्रिंग्टन मूळच्या बारांत होता. तोही १८९६ मध्ये नामशेष झाला. पुढे ज्या बाजारावर ही सारी गावे उभी होती तो हिंदुस्थानचा बाजारच आटला. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नजवळच्या त्याच डार्वेन गावी गिरणी-कामगारांस भेटले, तेव्हा त्यांच्या बहिष्काराची झळ लागलेले बेकार विणकर त्यांच्याभोवती जमले होते, आणि तरी त्यांनी त्यांचे स्वागतच केले.

ऑलिंपिकची आठवणही त्याच्या शेजाऱ्याने गिळली आहे. २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'द इंग्लिश गेम' या मालिकेत ईटनवाल्यांना हरवणारा संघ नुसता 'ब्लॅकबर्न' म्हणून दाखवला आहे, आणि त्यात नायक आहे फर्गस सूटर. हा स्कॉटिश खेळाडू डार्वेनहून रोव्हर्सकडे गेलेला. ऑलिंपिकशी त्याचा काही संबंध नव्हता. मॅथ्यूज, कॉस्टली, वॉरबर्टन यांचा पराक्रम कथेच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या खाती वळता झाला. ज्या चषकासाठी हे सर्व झाले तो मूळ चषकही आता नाही: अॅस्टन व्हिलाकडे असताना सप्टेंबर १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानात तो शोभेसाठी मांडला होता, तेथून चोरीस गेला व पुन्हा हाती लागला नाही. शियर ब्राववरील 'होल-इन-द-वॉल'चे मैदानही उरले नाही. त्या जागी पुढे सेंट स्टीफन्सची शाळा बांधण्यात आली.